शंकरसिंगचं कोपर

आमच्या भागात मुलाच्या सासऱ्याला इवाई म्हणतात, विहिणीला ईन. इवाई दारात आला की पाणी द्यायचं, पाट मांडायचा आणि तो नको नको म्हणत असताना पानात पुरणपोळी वाढायची, अशी रीत. माझ्या इवायाने सात वर्षांत आमच्या घरचं घोटभर पाणी घेतलं नव्हतं. आणि गेल्या हिवाळ्यात याच माणसाला लोक 'काका, काका' करत डोक्यावर घेऊन नाचत होते. मोबाइलवर ते कौतुक बघताना माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्याचं नाव शंकरसिंग. मूळचा ढाणकीकडच्या एका तांड्यातला, बंजारा. जन्म गेला वणीच्या कोळसा खाणीत डंपर चालवण्यात. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं, राग मात्र सढळ. खाणीच्या अगदी कडेपर्यंत डंपर असा मागे घ्यायचा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. खाली उतरून म्हणायचा, "काहून घाबरता? मले माहीत हाये ना कुठं थांबाचं."

माझे यजमान त्याच खाणीत हजेरीबाबू होते. सगळी वणी त्यांना बापूजी म्हणते, म्हणून मीही म्हणते. घरी कपाशी-तुरीची शेती, मी शाळेत शिकवायची, आमचं बरं चाललं होतं. बापूजींची आणि शंकरसिंगची दोस्ती जमली ती खाणीच्या क्लबात, एका गोल फळीपुढे.

ती फळी म्हणजे डार्टचा बोर्ड. कोणी बंगाली साहेब आसनसोलकडून येताना घेऊन आला होता आणि बदली झाल्यावर तिथेच विसरून गेला. साहेबलोक कॅरम खेळायचे, बोर्डावर धूळ बसायची. एक दिवस पहिली पाळी संपवून आलेल्या शंकरसिंगने ते पिसांचे तीन बाण सहज उचलले. त्यानंतर त्याला दुसरा नाद लागला नाही.

तांड्यातला माणूस, गोफणीचा हात, नेम असणारच, असं लोक म्हणायचे. त्याला याचं हसू यायचं. मला म्हणाला होता, "कायची गोफण वो ताई! माह्या गोफणीनं एक पोपट नाही उडाला. सारी जवारी खाऊन गेले. माहा बाप मले बांधावरून हाकलून द्याचा." जे काही आलं ते त्याला क्लबातच आलं, रोज संध्याकाळी फेकून फेकून.

खेळ तसा सोपा आहे. पाचशे एकपासून सुरुवात करायची, तीन-तीन बाण आळीपाळीने फेकायचे, लागतील तेवढे आकडे वजा करत जायचं. पण शेवटी बरोबर शून्यावर यावं लागतं, आणि शेवटचा बाण बाहेरच्या बारीक पट्टीतच बसावा लागतो. त्या पट्टीला डबल म्हणतात, तिथे आकडा दुप्पट होतो. बत्तीस उरले की सोळाचा डबल मारायचा. शंकरसिंगला बत्तीस उरले की आनंद व्हायचा. बापूजी फळ्यावर खडूने वजाबाकी करायचे आणि "बत्तीस बाकी!" असं ओरडून सांगायचे.

आणि तिथेच एका स्टुलावर बसलेली असायची बबिता, त्याची एकुलती एक. आठ-नऊ वर्षांची असेल. बोर्डात रुतलेले बाण ओढून काढायचे आणि बापाच्या हातात आणून द्यायचे, हे तिचं काम. बापाचा एक दोष तिला त्या वयात सापडला होता. दमला, चिडला किंवा घाबरला की फेकताना त्याचं कोपर खाली यायचं आणि बाण चुकायचा. म्हणून ती बोर्डाकडे बघायचीच नाही, फक्त त्याच्या कोपराकडे बघायची. जरा खाली आलं की जिभेने 'च्' करायची. "बापू, कोपर." मागे वळून न बघता तो कोपर वर घ्यायचा. मी डबा घेऊन क्लबात जायची तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि खरं सांगते, मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. माझा बंटी बापाशी इतकं कधी बोलला नाही.

माझा बंटी बोलत होता ते दुसऱ्याच कोणाशी. बबिता आणि तो एकाच कॉलेजात जायला लागले, आणि मग काय व्हायचं ते झालं. आम्ही कुणबी, ते बंजारा. आमच्याकडच्या चार जणांनी तोंडं वाकडी केली, त्यांना मी माझ्या पद्धतीने गप्प केलं. शंकरसिंगला मात्र कोणी गप्प करू शकलं नाही. पोरांनी देवळात माळा घातल्या आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, "मले एक पोरगी होती. आता नाही." आणि फोन ठेवला. बापूजींना तो रस्त्यात भेटला तेव्हा एवढंच बोलला, "तुले माहीत होतं." बापूजींना काडीची कल्पना नव्हती. ते समजावू लागले, तोवर हा पाठ फिरवून चालू लागला. त्या दिवसापासून बापूजींनी क्लबाचं नाव काढलं नाही, आणि शंकरसिंग मुदतीआधीच निवृत्ती घेऊन तांड्यात राहायला गेला.

वर्षभराने बबिताची आई, रामीबाई, नवऱ्याला न सांगता लेकीला भेटायला आली. मी सुनेला घेऊन बसस्टँडवर गेले. मायलेकी एकमेकींना दिसल्या, गळ्यात गळे पडले आणि दोघींनी जो सूर काढला, बाप्पा! ते साधं रडणं नव्हतं. चालीवरचं रडणं, आणि त्यात त्यांच्या गोरबोलीतले शब्द ओवलेले. सगळं स्टँड गोळा झालं. "कोण गेलं? कोण गेलं?" एकाने पाणी आणलं. एक कंडक्टर गाडी सोडून आला. मी शरमेने अर्धी झाले.

मग रसवंतीत बसवून मी विचारलं, हे काय होतं. रामीबाईने पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं, "कोनी नाही मेलं ईनबाई. आमच्यात लय दिवसानं माणूस भेटलं का बाई अशीच रडते. मधात काय काय झालं, ते सारं रडता रडता सांगते. समोरच्यानं डोक्शावर हात ठेवला का चूप होते."

"आणि हात नाही ठेवला तर?"

"तर मंग रडतच राह्यते ना. हात ठेवल्याबिगर चूप कशी होईन?"

मग ती लग्नातल्या रडण्याचं सांगू लागली. तांड्यातली नवरी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. बापाच्या गळ्यात पडते, बाप डोक्यावर हात ठेवतो, तेव्हा ती चूप होते आणि तेव्हाच ती खरी सासरी धाडली गेली असं धरतात. रामीबाई खाली बघत म्हणाली, "आमच्या बबितानं ढावलो गायला नाही. तिचे बापू दारू न पेता एक दिवस म्हणे, रामी, आपण पोरगी धाडलीच नाही वो. ना घरी हाये, ना सासरी गेली."

माझा पारा चढला. म्हटलं, "तर मग येऊन ऐक म्हणावं! वणी काय अमेरिकेत आहे?"

"येते कसे? अकड हाये ना," ती म्हणाली.

अकड तर होतीच, आणि ती एकट्या त्याच्याकडेच होती असं नाही. बबिताही त्याचंच रक्त. घरात बापाचा विषय निघाला की ती उठून जायची. सून म्हणून सोन्यासारखी, पण सणासुदीला पुरण वाटताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि ती खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायची. तिला कोणाची वाट आहे ते मला कळायचं, आणि कळूनही काही करता येत नाही म्हणून मी बंटीवर खेकसायची. माझी नात प्रेरणा झाली तेव्हा रामीबाई आली. एकटीच आली. बबिताने आईच्या मागे दाराकडे पाहिलं, मग पोरीचं लंगोट बदलायला घेतलं.

शंकरसिंग तांड्यातून वणीकडे फिरकायचा नाही. एकदा पेन्शनच्या कामाला वणीत आला होता, हे मला आमच्या समोरच्या पानटपरीवाल्याने सांगितलं. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला सांगून तो अर्धा तास तिथे उभा होता. बबिता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने खाली पाहिलं नाही, त्याने हाक मारली नाही. खर्रा न घेताच निघून गेला. मी तो किस्सा बबिताला सांगितला. ती म्हणाली, "असं का," आणि दुसऱ्या दिवसापासून दोनदा कपडे वाळत घालायला लागली.

अशात ती डार्टची लीग निघाली. देशभरातले आठ संघ, दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आधी संपणारा हंगाम, दर शनिवार-रविवारी वेगळ्या शहरात सामने. नागपूरच्या एका सळ्यांच्या कारखानदाराने संघ विकत घेतला आणि नाव ठेवलं नागपूर नेमबाज. वयाची अट नव्हती. खाणीतल्या जुन्या दोस्तांनी शंकरसिंगला तांड्यातून उचलून निवडीला नेलं, आणि साठी गाठलेला हा गडी तिशीतल्या पोरांना मागे टाकून संघात बसला. कर्णधार राजकुमार नावाचा एक तरणा होता, हातभर गोंदलेला, डोक्यावर उलटी टोपी. तो याला काका म्हणायचा, मग सगळेच म्हणू लागले.

पहिला सामना आम्ही घरात मोबाइलवर लावला. म्हणजे बंटीने लावला, बापूजी पेपर वाचतोय असं दाखवून बघत होते. शंकरसिंग लाल-निळ्या लाइटात चालत आला. सदऱ्यावर सळ्यांची जाहिरात, आणि हातात बाण ठेवायची एक छोटी पिशवी. पिशवीवर आरसे टाचलेले, त्यांचे कवडसे स्टेजभर नाचत होते. सामन्याचं वर्णन करणारा सांगू लागला, ही बंजारा लोककला, शेकडो वर्षांची परंपरा वगैरे. बबिता तूर निवडत बसली होती. तिने एकदा मान वर केली.

"ती माह्या लग्नाची ओढणी हाये," ती हळूच म्हणाली. "याडीनं, माह्या आईनं, माह्यासाठी शिवून ठेवलती. तिची किनार कापली त्यायनं."

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. मी बंटीकडे पाहिलं, बंटीने माझ्याकडे. बापूजींनी पेपर उलटा धरला होता.

त्या दिवशी शंकरसिंग हरला. पुढचाही हरला, त्याच्या पुढचाही. कोपर खाली येत होतं, हे आता मलासुद्धा दिसू लागलं. आम्ही बघत बसायचो आणि बबिता आपला मोबाइल घेऊन गच्चीवर जायची, मिरच्या बघते म्हणून, कपडे काढते म्हणून. सामना असला की नेमक्या मिरच्याही असायच्या. पाच वर्षांची प्रेरणा एकदा खाली येऊन म्हणाली, "आजी, आई वर एकटीच 'च् च्' करून राह्यली, पाल हाये का?" मी म्हटलं, असेल पाल.

लीगवाल्यांनी खेळाडूंच्या कॉलरला छोटे माइक लावले होते, ते काय पुटपुटतात ते लोकांना ऐकू जावं म्हणून. सहाव्या सामन्यात शंकरसिंग हरत आला होता. बाण हातात घेऊन तो रेषेवर उभा राहिला आणि माइकमधून त्याचा आवाज आला, "कोपर… कोपर." मग हात वर घेतला आणि लागोपाठ तीन बाण जिथे हवे तिथे मारले. वर्णन करणाऱ्याला वाटलं, काका मंत्र म्हणत आहेत. प्रेक्षकांना काय, निमित्त मिळालं. पुढच्या सामन्यापासून काका रेषेवर आले की अख्खं स्टेडियम ओरडायचं, "कोपर! कोपर!" पुण्यात ओरडले, गुवाहाटीत ओरडले, तिथल्या लोकांना शब्दाचा अर्थही माहीत नसताना ओरडले. आणि काका जिंकत गेले. मी गच्चीच्या जिन्याखाली उभी राहून ऐकायची. मोबाइलमधून हजारभर लोक कोपर कोपर करताहेत आणि वर आमची सून नाक ओढतेय. मला त्या माणसाचा इतका राग यायचा! हजार लोकांकडून म्हणून घेतोस, जिच्या तोंडून ऐकायचंय तिला एक फोन करवत नाही?

उपांत्य सामना त्याने एकट्याने ओढून काढला. नंतर मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, हा विजय कोणाला अर्पण कराल?" मी मोबाइलवर ओरडले, "घे! घे पोरीचं नाव!" त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "खाणीतल्या समद्या लोकायले." मी कपाळावर हात मारला. मुलीने माइक पुढे धरला, "आणि आता फायनल, तीही आपल्या नागपुरात. चाहत्यांना काय सांगाल?"

त्याने त्या मुलीकडची मान वळवून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मग म्हणाला, "वणीवरून नागपूरले सकायी साडेसातची एसटी हाये. दुपारच्या आत पोचते. जागा भेटते."

ती मुलगी हसली, लोक हसले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर ते वाक्य फिरत होतं. काका भोळे आहेत म्हणे. आमच्या घरात कोणी हसलं नाही. बबिता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होती. आज ती वर गेलीच नव्हती.

मी बंटीला म्हटलं, रविवारी गाडी काढ. बबिता उठली. "नाही आई. एसटीनंच जायचं," ती म्हणाली. "साडेसातच्याच."

त्या रविवारी आम्ही पाचही जण सातलाच स्टँडवर हजर होतो. जागा मिळाली. बबिताने कपाटातली चांगली साडी नेसली होती, मग बदलून साधी नेसली, मग परत चांगली. वरोऱ्यापर्यंत ती तिकिटाच्या घड्या घालत आणि उलगडत बसली. पुढे प्रेरणाने विचारलं, आपण कोणाकडे चाललो, तर म्हणाली, "माह्या बापूकडं." सात वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. माझे डोळे असे कुठेही भरून येतात, वयाचा दोष, दुसरं काय.

स्टेडियममध्ये आमच्या जागा पार वर होत्या. खाली खेळाडूंच्या घरच्यांच्या खुर्च्यांवर रामीबाई दिसत होती, बांगड्यांनी भरलेले हात मांडीवर ठेवून बसलेली. शंकरसिंग स्टेजवर आला तो पिशवी हातात घेऊन, आणि आल्या आल्या त्याने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. तोंडावर लाइट होते, त्याला काय दिसणार? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो माणसं शोधत राहिला. पंचाने बोलावलं तेव्हा वळला.

समोर कोलकात्याचा संघ होता. एक जोडी यांनी जिंकली, एक त्यांनी, असं होत गेलं आणि सगळं शेवटच्या जोडीवर आलं, शंकरसिंग आणि कोलकात्याचा एक चष्मेवाला पोरगा. त्यांच्यातही बरोबरी. शेवटच्या डावात पोराचे चाळीस उरले होते आणि पाळी शंकरसिंगची होती. बापूजींनी सवयीने वजाबाकी केली आणि पुटपुटले, "बत्तीस बाकी." सोळाचा डबल. हातात तीन बाण. तिन्हीतला एक बसला की लीग नागपूरची, आणि एवढ्या वर्षांत जे नाव खाणीच्या क्लबाबाहेर गेलं नाही, ते चषकावर कोरलं जाणार.

"कोपर! कोपर!" स्टेडियम ओरडत होतं. तो रेषेवर उभा राहिला. हात वर आला, आणि मला इतक्या वरूनही दिसलं, कोपर घसरलं. बाण डबलच्या पट्टीबाहेर बसला. ओरडणं थांबलं, आणि त्या शांततेत माझ्या शेजारी 'च्' झालं.

मग बबिताने तोंड उघडलं आणि तो सूर निघाला. बसस्टँडवरचाच, पण त्या दिवशी तो सात वर्षांचा साठलेला होता. "बापूऽऽ" अशी हाक, आणि मागे लांबत जाणारी चाल. हजारो माणसं मागे वळली. "कोनी मेलं का?" "अटॅक आला वाटते!" कोणीतरी डॉक्टर डॉक्टर म्हणून ओरडलं. दोन पोरं स्ट्रेचर घेऊन जिना चढायला लागली. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावलं, "काही झालं नाही! बापाला भेटतेय ती!" लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले.

स्टेजवर शंकरसिंग दगडासारखा उभा होता. पंच म्हणाला, खेळ चालू ठेवा. तो हलला नाही. राजकुमार कडेला येऊन हातवारे करू लागला, "काका, दोन बाण फेका अन् जा! पाच सेकंदाचं काम आहे!"

शंकरसिंगने हातातले दोन बाण पिशवीत ठेवले. पिशवी टेबलावर ठेवली. त्याच्या कॉलरचा माइक चालू होता, म्हणून तो काय बोलला ते सगळ्या स्टेडियमने ऐकलं.

"तिले सात वर्स थांबवलं ना बाबू. आता नाही."

आणि तो स्टेजवरून उतरला. पाळी सोडून गेला की पाळी गेली, असा नियम. पंचाने हात वर केला. राजकुमारने टोपी जमिनीवर आपटली. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी शिव्या दिल्या, माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हणाला, म्हाताऱ्याने वाट लावली. त्याचंही काही चुकलं नव्हतं. संघातल्या पोरांनी हंगामभर घाम गाळला होता, आणि ती पोरं आता खाली मान घालून बसली होती. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आजही वाटतं.

शंकरसिंग पायऱ्या चढत आला. गुडघे दुखत होते त्याचे, कठडा धरून धरून चढत होता. मागून रामीबाई. लोक पाय आवरून वाट देत गेले. तो समोर आला तशी बबिताने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सूर आणखी चढला. त्याने उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला.

मला ती भाषा येत नाही. मी रामीबाईला विचारलं, "काय म्हणते ती?"

रामीबाई रडत होती आणि हसतही होती. "पयल्या सामन्यापासून सांगून राह्यली. म्हणते, बापू, पयल्या दिवशी तुह्या आंगात ताप होता, डोये लाल होते, तू कोनाले सांगतलं नाही. म्हणते, पुण्यात तू उपाशी खेळला. गुवाहाटीत सारे कोट घालून होते, तुह्यं सुटर कुठं गेलं बापू. टपरीवर आला तवा हाक काहून नाही मारली, मी तुह्यासाठीच उभी होती." ती थांबून ऐकू लागली. "आता म्हणते, समद्या दुनियेनं कोपर म्हटलं, माहं काहून नाही आयकलं. आताचा बाणबी कोपरानंच गेला म्हणते."

म्हणजे मिरच्यांच्या नावाखाली तिने एकही सामना सोडला नव्हता. आणि टपरीवरचा अर्धा तासही तिने पाहिला होता.

तेवढ्यात खालून टाळ्या झाल्या. चष्मेवाल्या पोराचे दोन बाण चुकले, तिसरा बसला. कोलकाता जिंकलं. शंकरसिंगने मागे वळून पाहिलं नाही. त्याचा हात अजून बबिताच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर, तसाच होता. मला राहवेना. मी रामीबाईला म्हटलं, "अहो, पोरगी रडून रडून बेजार झाली. हात का ठेवत नाहीत ते?"

"ठेवला का ती चूप होईन, ईनबाई," रामीबाई म्हणाली. "चूप झाली का धाडली. मंग तुमचीच."

प्रेरणा माझ्या पदराला धरून हा बाणवाला आजोबा कोण म्हणून विचारत होती, आणि बंटी तिला उचलून घेऊन नुसता उभा होता.

बापूजी माझ्या जवळ सरकले. सात वर्षांनी दोस्त समोर होता, पण ते पुढे गेले नाहीत, लेकीचं होऊ दे म्हणून थांबले. डोळे पुसत त्यांनी बोट दाखवलं.

"विमल, कोपर पाह्य."

मी पाहिलं. शंकरसिंगच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, धाप लागली होती, ओठ हलत होते. बबिता गात होती, त्याचा हात तिच्या डोक्यावर तसाच अधांतरी होता, आणि कोपर जरासुद्धा खाली आलं नव्हतं.